आमची वाटचाल: डिचोलीतलं लेव्हल दुरुस्तीचं दुकान

लेव्हल म्हणजे जमिनीच्या उंचीतला फरक मोजायचं दुर्बिणीचं यंत्र. तिच्या आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, जी काळी फुली दिसते, तिच्यावर आमचं घर चाललं. आता काचेवर कोरलेल्या रेघा येतात. मी धंद्यात पडलो तेव्हा जुन्या यंत्रांत अजून कोळ्याच्या जाळ्याची तार सापडायची. माझे पहिले भागीदार म्हापशाचे घड्याळजी. चिमटा धरायला त्यांनीच शिकवलं. तार डायफ्रामच्या, म्हणजे फुली धरणाऱ्या कड्याच्या, चरीत बसवायची, ताण बघायचा, मग लाखेचा टिपका. तेवढा वेळ पंखा बंद. शिंक आली की पुन्हा पहिल्यापासून.

खाणींमुळे काम वाढलं तसा नव्या यंत्रांचा एक विक्रेताही उगवला. ‘डिचोलीत खोललेलं यंत्र खरं बोलत नाही,’ असं तो खाणीखाणीवर सांगत फिरला. एका खाणीत बेंचची, म्हणजे खोदलेल्या पायरीची, उंची चुकली, ठपका माझ्यावर आला. मी स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली उभी मोजपट्टी, घेऊन तिथेच गेलो. 60 मीटरवर दोन खुंट्या ठोकल्या. आधी यंत्र मधोमध लावून खुंट्यांच्या उंचीतला खरा फरक काढला, मग एका खुंटीजवळ लावून पुन्हा वाचलं. मी दुरुस्त केलेल्या लेव्हलला 2 मिलिमीटरची चूक, त्या विक्रेत्याच्या कोऱ्या यंत्राला 11. मीच पिन घालून डायफ्रामचे वरचे-खालचे स्क्रू फिरवले आणि त्याची फुली जागेवर आणून दिली. तो फोनवर बोलतोय असं दाखवत उभा होता. त्या दुरुस्तीचे पैसे अजून यायचेत.

2012 च्या सप्टेंबरात गोवा सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं. दुकानात दुरुस्तीला आलेल्या यंत्रांच्या अकरा पेट्या होत्या, न्यायला कोणी येईना. पुढच्या मे महिन्यात केप्याचे सर्व्हेअर भाई नेहमीसारखे आपली डंपी, म्हणजे जुन्या घडणीची लेव्हल, घेऊन आले. ‘बघ रे, रेघ हलल्यासारखी वाटते.’ रेघ जागच्या जागी होती. मला कळत होतं, त्यांनाही. मी साफसफाईचं बिल केलं, त्यांनी मुकाट्यानं दिलं.

नवीन पोरांनो, आधी पांढऱ्या कागदाकडे बघत रेघ काळीकुट्ट होईपर्यंत आयपीस फिरवा, मगच स्टाफ फोकस करा. डोळा वरखाली केल्यावर रेघ स्टाफवर सरकली तर वाचन लिहू नका. यंत्रापासून स्टाफ किती लांब ते काढायला स्टेडियाच्या, म्हणजे फुलीच्या वरच्या-खालच्या आखूड रेघांमधलं अंतर शंभरनं गुणताना तर हे हटकून नडतं. आणि पावसात भिजलेलं यंत्र पेटीत कोंडू नका, आपल्या हवेत काचेला बुरशी धरते.

मधली काही वर्षं खाणी चालल्या, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा बंद झाल्या. अकरांतल्या चार पेट्या अजून माळ्यावर आहेत. दर पावसाळ्याआधी उतरवतो, ऊन दाखवतो, परत ठेवतो.