किरणोत्सव सप्टेंबरात?

अमेरिकेत मैल, पाउंड, फॅरनहाइट हळूहळू अंगवळणी पडतात. तारखेचं मात्र जमत नाही. इथं आधी महिना, मग दिवस. बोलण्यात निभावून जातं, एक्सेलमध्ये घोळ होतो.

किरणोत्सवाला घरी यायचं ठरलं तसं मंगळवार पेठेतल्या दादानं तारखांची सीएसव्ही फाईल पाठवली. मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतात ते दिवस कोल्हापूरकराला पाठच असतात: 9, 10, 11 नोव्हेंबर, मग 31 जानेवारी आणि 1, 2 फेब्रुवारी. दादानं लिहिलं 9/11/2025, 10/11/2025, 11/11/2025. माझ्या लॅपटॉपनं वाचलं 11 सप्टेंबर, 11 ऑक्टोबर, 11 नोव्हेंबर. सलग तीन दिवसांचा उत्सव तीन महिन्यांवर पसरला! 31/1/2026 ला तर त्यानं तारीखच मानलं नाही. एकतिसावा महिना आणायचा कुठून? ते मजकूर होऊन सेलच्या डाव्या कडेला चिकटलं. खरी तारीख उजवीकडे बसते. हे बरं, निदान डोळ्यांना खुपतं. 1 फेब्रुवारीची 2 जानेवारी झाली ती गुपचूप.

"हितं तर बरोबर दिसतंय की रं!" दादा फोनवर. त्याचंही खरं. सीएसव्हीत नुसती अक्षरं असतात, अर्थ लावतो तो उघडणारा संगणक, आपल्या रीजन सेटिंगप्रमाणे. एक्सेलची फाईल असती तर हा प्रश्न आला नसता. एक्सेल तारखेचा आकडा साठवतं, 1 जानेवारी 1900 म्हणजे 1. त्या हिशेबानं 9 नोव्हेंबर 2025 म्हणजे 45970, कोल्हापुरात काय नि शिकागोत काय.

म्हणून नंतर सेलचा फॉरमॅट बदलून उपयोग नाही, आतला आकडाच चुकलेला असतो. रिकाम्या शीटमध्ये कॉलम आधी 'टेक्स्ट' करायचा, सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडून तिथली यादी पेस्ट करायची, मग डेटा टॅबमधल्या 'टेक्स्ट टू कॉलम्स'मध्ये डेट निवडून 'डीएमवाय' (आधी दिवस, मग महिना, मग वर्ष) सांगायचं. तारखा ताळ्यावर आल्या की कंट्रोल-1 दाबून लोकेल, म्हणजे कुठल्या देशाची नि भाषेची पद्धत ते, 'इंग्लिश (इंडिया)' करायचं. तिथले चांदणीवाले (*) फॉरमॅट टाळा, ते ज्याच्या-त्याच्या संगणकाप्रमाणे रंग बदलतात. लोकेलमध्ये मराठीही आहे. महिन्याच्या नावाचा फॉरमॅट घेतला की 'नोव्हेंबर' असं छान उमटतं.

पण सगळं घर मिळून वापरायचं असेल तर सरळ गुगल शीट्स. तिथं लोकेल अख्ख्या फाईलचं असतं. फाईल, सेटिंग्ज, लोकेल इंडिया. मग ती कुणीही, कुठूनही उघडू दे. आता दादाची यादी तिथंच आहे आणि वहिनीनं शेजारच्या कॉलममध्ये कोण कुठल्या खोलीत झोपणार तेही भरायला घेतलंय.