अडतीस टॉर्पेडो

एका टीव्ही मालिकेतल्या टॉर्पेडोंचा हिशेब जुळत नाही म्हणून मी कुरकुरत होते, तर दादा म्हणाला, "काऊन एवढं मनाला लावून घेतेस? मालिका आहे ती, हिशेबाची वही नाही." तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ १९९५ची. एक अंतराळजहाज घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब फेकलं गेलंय, परतायला पाऊणशे वर्षं. पहिल्याच सीझनमध्ये, ‘द क्लाउड’ या भागात, सांगितलं जातं की फोटॉन टॉर्पेडो, म्हणजे शत्रूवर डागायची अस्त्रं, अडतीस आहेत. कॅप्टन जेनवे म्हणते, संपले की नवे मिळायचे नाहीत. झालं, शब्द दिला. तिथून पुढे टॉर्पेडो सुटला की मी मोजते. सातवा सीझन संपायच्या बऱ्याच आधी आकडा अडतीसच्या पार जातो आणि जहाजावर कुणाला काहीच वाटत नाही. मग मलाच एकटीला का वाटावं?

नुसती चूक असती तर सोडून दिली असती. स्टार ट्रेकच्याच १९८२च्या सिनेमात खान हा खलनायक जहाजावरच्या चेकॉव्ह या अधिकाऱ्याला ओळखतो. खान पहिल्यांदा आला तो भाग १९६७चा, मूळ मालिकेच्या पहिल्या सीझनचा. चेकॉव्ह दिसायला लागतो दुसऱ्या सीझनपासून. तेव्हा तो खालच्या डेकवर ड्युटीला असेल म्हणायचं, मिटलं. क्लिंगॉन या परग्रहवासीयांची सपाट कपाळं १९७९मध्ये खडबडीत झाली, त्याला ‘एंटरप्राइज’ या नंतरच्या मालिकेने २००५मध्ये दोन भाग खर्चून विषाणूचं कारण दिलं. नसतं दिलं तरी चाललं असतं.

टॉर्पेडोंचं तसं नाही. आकडा त्यांनीच दिला होता. नागपुरात मे महिन्यात टँकर परवा येणार कळलं की घरातलं लहान पोरही कूलरमध्ये बादली ओतण्याआधी टाकीत डोकावतं. जहाजावर तसं कुणी डोकावतच नाही.

आणि अडचण खरी होती. टॉर्पेडोचं कवच बनवणं सोपं, खरा प्रश्न आतल्या अँटिमॅटरचा, म्हणजे प्रतिपदार्थाचा. ते साध्या डब्यात राहत नाही, भिंतीला लागलं की स्फोट. चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरून ठेवावं लागतं. एक ग्रॅम अँटिमॅटर एक ग्रॅम साध्या पदार्थाला भिडलं तर सुमारे ४३ किलोटन टीएनटीएवढी ऊर्जा सुटते. पण जहाजाला प्रकाशापेक्षा वेगाने नेणारं वॉर्प इंजिनसुद्धा अँटिमॅटरवरच चालतं! म्हणजे साठा होता, भांडण वाटणीचं होतं: घराच्या वाटेला किती, लढाईला किती. केवढा भाग झाला असता तो.

करता येत नव्हतं असंही नाही. १९९७च्या ‘इयर ऑफ हेल’मध्ये जहाज महिनोन्‌महिने मोडत जातं, माणसं जखमी होतात, सामान संपतं. शेवटी काळ मागे फिरतो आणि सगळं पुसलं जातं. भाग कोणत्याही क्रमाने लागला तरी कळावा म्हणून तेव्हा जहाज दर आठवड्याला पूर्ववत करत. कारण पटतं. वाईट वाटायचं थांबत नाही.

मात्र १९९८च्या ‘एक्स्ट्रीम रिस्क’मध्ये हेच लोक जहाजावरच डेल्टा फ्लायर हे अख्खं यान बांधतात. ज्यांना यान जमतं त्यांना टॉर्पेडो का जमू नयेत? तिथे जहाजाची मुख्य इंजिनीअर टॉरेस हिच्या तोंडी एक वाक्य हवं होतं, की इंजिनातलं थोडं अँटिमॅटर वळवलंय, वेग कमी होईल. ते मी आता मनाने घालून घेतलंय, आणि पुढचे भाग बघवतात. वेग कमी झालेला कुठेच दिसत नाही, पण तेवढं चालवून घेईन.

शटलांचं, म्हणजे जहाजावरच्या छोट्या यानांचं, मात्र अजून जुळत नाही. ती इतकी फुटतात की...