पॉलिश केलेल्या भिंतीवरच्या पांढऱ्या रेघा

मार्चमध्ये काकूंचा फोन आला. "अरे, भिंतीवर पांढऱ्या रेघा उठल्यात. पुसून जात नाहीत."

त्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आम्ही ऑगस्टमध्ये हॉलची एक भिंत पाइनने मढवली होती. चार इंची, आठ फुटी, ३४ उभ्या फळ्या, नर-मादी खाचेत, म्हणजे एका फळीची पुढे आलेली कड (नर) शेजारच्या फळीच्या खाचेत (मादी) बसवून, वरून पॉलिश. जाऊन पाहिलं आणि पोटात गोळाच आला. दर दोन फळ्यांमध्ये फट पडली होती आणि तिच्यातून नराचा कोरा भाग डोकावत होता. पॉलिश मारलं तेव्हा तो खाचेत लपला होता, म्हणून पांढराच राहिलेला. फट जवळजवळ एक सुताची, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाएवढी. एका फळीने तर मधोमध पोट काढलं होतं, खिळेसुद्धा उपसून आले होते.

ओल मोजायचा मीटर लावला, ९ टक्के. तसाच वखारीत गेलो आणि नव्याने आलेल्या मालाला लावला, २२. "भट्टीत वाळवलेलं आहे" एवढ्या शब्दावर मी ऑगस्टमध्ये माल उचलला होता, मीटर गाडीतच होता. चूक माझीच.

ओल्या पाइनमध्ये कोरड्या लाकडाच्या वजनाहून जास्त पाणी असू शकतं. पेशींच्या पोकळीतलं पाणी जाईपर्यंत फळी मापाला तशीच राहते. ओल ३० टक्क्यांच्या खाली उतरली की पेशींच्या भिंतींतलं पाणी निघू लागतं, आणि आक्रसणं तिथून सुरू होतं. २२ वरून ९ वर येताना चार इंचांतला एक सूत गेला, तो असा.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना घेऊन सगळ्या फळ्या उतरवल्या. पोट काढलेली फळी बाकीच्यांशेजारी जमिनीवर ठेवली आणि मिस्त्री म्हणाले, "दादा, ही आखूड आहे." ऑगस्टमध्ये सगळ्या एकाच मापाने कापल्या होत्या, तरी ही दोन सूत कमी भरली. लाकूड रुंदीत आक्रसतं, लांबीत नाही, हे आम्ही दोघंही लहानपणापासून ऐकत आलो होतो. मी तिचं टोक ओलं करून पाहिलं. एका कडेला पेन्सिलीच्या शिशाएवढा तपकिरी ठिपका आणि त्याभोवती बोटभर रुंद वलयं. झाडाचा गाभा!

हे न्यूझीलंडच्या लागवडीतलं रेडिएटा पाइन. तिथे झाड साधारण २५ ते ३० वर्षांचं झालं की तोडतात, त्यामुळे पहिल्या दहाएक वर्षांतलं गाभ्याचं लाकूड ओंडक्यात बरंच असतं. बाहेरच्या लाकडात पेशीच्या भिंतीतले धागे जवळपास उभे असतात, गाभ्यात ते तिरपे पडलेले. पेशी आक्रसते ती धाग्यांना आडवी, म्हणून गाभ्याचं लाकूड लांबीतही आखडतं. आणि या फळीची एकच बाजू गाभ्याची होती. ती बाजू आखडली, दुसरी तशीच राहिली, मग बाक येणारच.

ती फळी बाजूला काढली. उरलेल्या ३३ वाळून स्थिर झाल्याच होत्या, त्या घट्ट सारून परत बसवल्या. शेवटी एका फळीची जागा तर मोकळी होतीच, शिवाय सगळ्या फटी मिळून जवळजवळ चार इंच. भरतीच्या दोन्ही फळ्या वखारीतून आणल्या नाहीत. वर्कशॉपच्या माळ्यावर दोन वर्षं पडून असलेल्या काढल्या, टोकं पाहिली, मीटर लावला आणि मगच करवत चालवली.