पाँडिचेरीतले जिंजीचे खांब

चेन्नईहून समुद्राच्या कडेकडेने येणारी बस चार तासांनी पाँडिचेरीच्या स्टँडवर टेकली. उतरले तेव्हा शेजारच्या बसचा कंडक्टर "सेंजी, सेंजी, तिरुवण्णामलै" असं एका श्वासात ओरडत होता. असेल एखादं गाव, म्हणून मी रिक्षा बघायला लागले.

चार दिवस होते, सोबत कुणी नाही आणि ठरवलेलंही काही नाही. लेकीने 'हे बघच'ची यादी पाठवली होती. ती फोनमध्ये तशीच राहिली. समुद्राजवळच्या फ्रेंच वस्तीतल्या खोल्यांचे भाव ऐकून मी मुकाट्याने कालव्याच्या अलीकडे, तमिळ वस्तीत खोली घेतली आणि ते फार बरं झालं. घराला रस्त्यालगत लाकडी खांबांचा ओटा होता. त्याला तिथे तिण्णै म्हणतात. येणाऱ्याजाणाऱ्याने घटकाभर टेकावं म्हणून तो बांधायचा, अगदी आमच्या राजापूरच्या ओटीसारखा. वरचा मजला मात्र कमानीच्या खिडक्या आणि सज्जा असलेला, पक्का फ्रेंच. खाली पंचा आणि वर कोट घातल्यासारखं ते घर दिसायचं. घरमालकीण अम्मा तिण्णैवर मोगरा ओवत बसायच्या. मोडक्या हिंदीत त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "अकेला? साब किदर?" साहेबांना प्रवासात झोप लागत नाही, असं मी सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं.

पहाटे साडेपाचला बाहेर पडायचे. दारोदारी सडा घालून बायका कोलम काढत असायच्या, टिपके न मोजता, हाताच्या सवयीने. कालवा ओलांडला की रांगोळ्या संपतात आणि पिवळ्या भिंती, बोगनवेल, निळ्या पाट्या सुरू होतात. पाटीवर रस्त्याचं नाव फ्रेंच आणि तमिळ अशा दोन्ही भाषांत. लाल टोपीवाला पोलीसही दिसतो. सगळे या सरळ रेषेतल्या रस्त्यांचे 'फ्रेंच, फ्रेंच' म्हणत फोटो काढतात, पण ती आखणी डचांची. १६९३ मध्ये त्यांनी हे गाव फ्रेंचांकडून हिसकावलं, चौकटीत रस्ते आखले आणि तहानंतर १६९९ मध्ये परत केलं. पुढे १७६१ मध्ये इंग्रजांनी गाव पार जमीनदोस्त केलं. म्हणजे आज दिसणारी घरं त्याच्या नंतरची. इथले फ्रेंच अखेर गेले ते १९५४ मध्ये, आणि कागदोपत्री हस्तांतर व्हायला १९६२ उजाडलं.

आम्हा कोकणातल्या माणसांना समुद्रात सूर्य बुडताना बघायची सवय. इथे तो समुद्रातून वर येतो आणि सुरुवातीला उगीचच चुकल्यासारखं वाटतं. संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत समुद्रालगतच्या दीड किलोमीटरच्या रस्त्यावर गाड्यांना बंदी असते. किनाऱ्यावर बराच भाग काळ्या दगडांचा. या बाजूला वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. दक्षिणेला बंदराचा बांध घातल्यावर ती अडली आणि शहरापुढची पुळण लाटांनी खाऊन टाकली. मग दगड टाकावे लागले. त्याच दगडांवर बसून आजोबा लोक वर्तमानपत्र वाचतात.

तिथेच गांधीजींचा पुतळा आहे आणि त्याच्याभोवती आठ उंच, कोरीव दगडी खांब. पहिल्या दिवशी मी त्यांना नुसती टेकून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी कळलं, हे जिंजीहून आणलेले. जिंजी! शाळेत 'राजाराम महाराज जिंजीला गेले' एवढं एका वाक्यात शिकलो, पण ते गाव नकाशावर कुठे आहे, हे कधी बघितलंच नाही. इथून ते सत्तरेक किलोमीटरवर. फ्रेंच कंपनीचा फ्रांस्वा मार्तँ १६७४ मध्ये इथे आला, तेव्हा हा मुलूख विजापूरच्या शेरखान लोदीच्या ताब्यात होता. तीन वर्षांत शिवाजी महाराज आले, जिंजी घेतली, शेरखानाचा पराभव केला. मार्तँने घाईने महाराजांकडे वकील पाठवला आणि राहू देण्याची परवानगी मिळवली. थोडक्यात, मी फ्रान्स बघायला आले आणि ज्या खांबाला टेकले तो आमच्याच इतिहासातला निघाला. त्यानंतर कालव्याकाठच्या रस्त्याचं नाव 'जिंजी सालै' दिसलं तेव्हा नवल वाटलं नाही.

दुपारी अरविंदांच्या आश्रमात जाऊन बसले. समाधीवर रोज नव्याने रचलेली फुलं आणि माणसं असूनही शांतता. अरविंद बडोद्यात नोकरीला असताना मराठी शिकले होते, आणि योगाची दिशा त्यांना विष्णू भास्कर लेले यांनी दाखवली. एवढं आठवत तासभर बसले. मग भूक लागली.

खाण्याचं सांगायचं तर, बेकरीतला क्रोसाँ एकदा खाल्ला. चांगला होता, पण त्या पैशांत मेसमध्ये दोन वेळचं जेवण झालं असतं. रोज मी त्याच मेसमध्ये पोडी म्हणजे कोरडी चटणी आणि तेलासोबत इडली खायचे आणि पितळी वाटीतली कॉफी फुंकत प्यायचे. भाड्याची सायकलही घेतली. दोनदा साखळी उतरली, हात काळे झाले, मग पायीच फिरले.

शेवटच्या रात्री अम्मांना विचारलं, जिंजीला कसं जातात? त्यांना नाव समजेना. मी किल्ला म्हटलं, हाताने डोंगर काढून दाखवला, राजा म्हटलं. त्या हसल्या. "ओ, सेंजी!"

सकाळी स्टँडवर चेन्नईची बस लागलेली होती आणि शेजारी तोच कंडक्टर, की त्याच्यासारखाच दुसरा कुणी, दाराला लोंबकळून "सेंजी, सेंजी" ओरडत होता. खिशात परतीच्या गाडीचं तिकीट होतं आणि पायात चपला. गाडी दुपारची होती म्हणून मी चेन्नईच्या बसमध्ये चढले, पण खिडकी घेतली ती त्या बाजूची.