रुळावरचं काजळ

मॉडेल रेल्वेचा नाद असलेल्या माणसाच्या घरी गेलात तर गाडी सुरू करायच्या आधी तो काय करतो बघा, बोटाला फडकं गुंडाळतो, रुळावरून एकदा फिरवतो आणि फडकं काळं झालेलं आपल्याला दाखवतो, जरा अभिमानानेच. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, पंखा बंद ठेव, किती धूळ उडते. आपल्याकडे कुठल्याही घाणीचा पहिला संशय धुळीवर, दुसरा फोडणीच्या धुरावर आणि तिसरा कामवाल्या बाईंवर. अर्थात फोडणीचं तेल हवेतून रुळावर बसतं हे खरंय, गालिच्याचे केस चाकात अडकतात हेही खरंय. पण धूळ राखाडी असते हो, आणि रुळावरचं ते चिकट प्रकरण काळंकुट्ट. धूळ काळी झाली कशी?

तर ते काजळ गाडी स्वतःच पाडते. खऱ्या इलेक्ट्रिक इंजिनाला २५,००० व्होल्ट वरच्या तारेतून मिळतात, आपल्या एचओ स्केलच्या म्हणजे १:८७ च्या (खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान) इंजिनाला जेमतेम १२ व्होल्ट आणि तेही १६.५ मिलिमीटर अंतरावरच्या दोन रुळांमधूनच, चाकांवाटे. चाक नि रूळ एकमेकांना टेकतात ती जागा टाचणीच्या टोकाएवढी, इंजिनाचं वजन काही शे ग्रॅम, त्यामुळे ते चालताना सारखं जरा जरा उचललं जातं आणि प्रत्येक वेळी तिथे डोळ्याला न दिसणारी ठिणगी पडते. त्या ठिणगीत धातूचं ऑक्साइड होतं, गिअरमधून गळलेलं तेल होरपळतं, शेजारी बसलेली धूळही सोबत जळते. मग त्या थरामुळे टेकणं आणखी बिघडतं, म्हणून ठिणग्या आणखी, म्हणून थर आणखी. डब्यांना प्लॅस्टिकची चाकं असतील तर ती हा माल इकडून उचलून तिकडे व्यवस्थित लाटून देतात. मी तर म्हणतो पहिला खर्च धातूच्या चाकांवर करा, नवीन इंजिन नंतर.

खऱ्या रुळांना हा त्रास कमी, डब्ल्यूएपी-७ या इलेक्ट्रिक इंजिनासारखं १२३ टनांचं धूड गेलं की रूळ आपोआप चकचकीत. तरी क्वचित वापरातल्या सायडिंगवर, म्हणजे बाजूच्या जादा रुळांवर, गंज चढला तर रुळांतल्या करंटवरून गाडी ओळखणाऱ्या सिग्नलच्या ट्रॅक सर्किटला गाडी उभी आहे हे कळतच नाही, म्हणजे दुखणं तेच, फक्त मोठ्या घरचं.

कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये पोरं गाड्यांकडे बघत असतात आणि माझ्यासारखी माणसं वाकून रुळांकडे.

आता पुसायचं कशाने, यावर या नादातली माणसं आमटीत गूळ घालावा की नाही यासारखी भांडतात. पॉलिश पेपर मात्र नको, त्याने बारीक ओरखडे पडतात आणि पुढची घाण तिथेच मुक्कामाला येते. पितळी रूळ असतील तर त्यावरचं ऑक्साइड करंट अडवतं म्हणून ते सारखे घासावे लागतात, तांबं-निकेल-जस्ताच्या मिश्रधातूचे त्यामानाने गुणी. एक पक्ष आयसोप्रोपिल अल्कोहोलवाला, एक पक्ष म्हणतो त्याने घाण लवकर परतते, रॉकेलसारखं काहीतरी घ्या. मी दुसऱ्या पक्षात, पण खिडक्या उघडून आणि पुसल्यावर पूर्ण सुकू देऊन, कारण ठिणग्यांचा विषय वर झालाच आहे.

आणि तिसरा पक्ष ग्रॅफाइटवाला. रुळाच्या आतल्या कडेला ग्रॅफाइटची कांडी हलकीच फिरवायची, करंट छान वाहतो, ठिणग्या कमी होतात. हलकीच बरं का, कारण ग्रॅफाइट निसरडं असतं. कर्जत ते खंडाळा चढ १:३७ चा आहे, तिथे खऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं ढकलतात, आणि टेबलावरच्या घाटात ग्रॅफाइट जास्त झालं की चाकं जागीच गरगरतात आणि बँकरची ड्युटी भाच्याच्या बोटाला लागते, जे बोट नुकतंच फरसाणाच्या डब्यात होतं.