सोमवारची मुलगी

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५. कोजागरी.

जूनपासून मी आणि माझी आठवीतली भाची ‘सेलर मून’ ही जुनी जपानी ॲनिमे मालिका रोज थोडी थोडी पाहत आलो आहोत. आज दूध आटत असताना मालिकेच्या पहिल्या पर्वाचे शेवटचे भाग पाहिले. योगायोग असा की, जपानमध्येही आजच ‘त्सुकिमी’ म्हणजे चंद्रदर्शनाचा सण आहे, आणि मालिकेच्या नायिकेचे नाव आहे त्सुकिनो उसागी. ‘त्सुकी नो उसागी’ याचा सरळ अर्थ चंद्रावरचा ससा. तो ससा तिकडे उखळात भात कांडून ‘मोची’ नावाचे तांदळाचे गोळे करतो, असे जपानी मुलांना सांगतात. पण त्याचे मूळ आपल्याकडच्या शशजातकात, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या एका कथेत आहे. अतिथीला द्यायला काहीच नाही म्हणून स्वतःला अग्नीत झोकून देणाऱ्या सशाचे चित्र इंद्राने चंद्रावर कोरले, ही ती कथा बौद्ध ग्रंथांबरोबर जपानला पोहोचली. शशी, शशांक हे शब्द आपण इतके सहज वापरतो की त्यांतला ससा आपल्याला दिसेनासा झाला आहे. उसागी आपल्याकडे जन्मली असती तर तिचे नाव शशिकला ठेवावे लागले असते, असे मी म्हणाले, तेव्हा भाचीने नाक मुरडले.

मालिकेत उसागी ही चंद्राची योद्धा, आणि तिच्या मैत्रिणी एकेका ग्रहाच्या. त्यांच्या नावांचे कोडे मात्र भाचीनेच सोडवले. मिझुनो आमीच्या आडनावात पाणी आहे आणि ती बुधाची, हिनो रेईच्या आडनावात अग्नी आहे आणि ती मंगळाची, किनो माकोतोच्या आडनावात झाड आहे आणि ती गुरूची. जपानी भाषेत मंगळवार हा अग्नीचा, बुधवार पाण्याचा आणि गुरुवार लाकडाचा वार. म्हणजे वारांचे ग्रह तिकडेही आपल्यासारखेच. शुक्राची आइनो मिनाको तेवढी वेगळी, कारण शुक्रवार धातूचा असला तरी तिच्या आडनावात प्रेम आहे. सोमवार अर्थातच उसागीचा.

नाओको ताकेउची यांनी ही कथा आधी चित्रकथा म्हणून ‘नाकायोशी’ या मुलींच्या मासिकात लिहायला आणि रेखाटायला घेतली, आणि मार्च १९९२ मध्ये ती दूरचित्रवाणीवर आली. ताकेउची यांचे शिक्षण औषधनिर्माणशास्त्राचे, हे वाचून मला उगाचच आनंद झाला.

साध्या उसागीचे ‘सेलर मून’ या योद्ध्यात रूपांतर होण्याचा प्रसंग जवळजवळ प्रत्येक भागात तोच असतो. छातीवर ब्रोच लावलेली उसागी ‘मून प्रिझम पॉवर, मेक अप!’ म्हणते आणि फिती तिच्याभोवती गुंडाळत जाऊन हातमोजे, बूट आणि कपाळावरचा मुकुट तयार होतो. एकदाच रेखाटलेला तुकडा पुन्हा पुन्हा वापरला की चित्रकारांचे कष्ट आणि निर्मात्यांचा पैसा वाचतो, हे त्यामागचे व्यावहारिक कारण. पण पाहणाऱ्या मुलीसाठी ती आरतीसारखी ठरलेली गोष्ट होते, आणि आमच्या घरी तर ती सोफ्यावर उभे राहून केली जाते. तो स्कर्ट इतका आखूड कशासाठी, हा माझा आक्षेप जूनपासून कायम आहे. मात्र एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली: खलाशांच्या धर्तीचा सेलर गणवेश हा तिकडच्या शाळकरी मुलींचा नेहमीचा पोशाख, त्यामुळे रूपांतरानंतरही ती एका अर्थाने शाळेच्या गणवेशातच असते. चेहराही तोच, केसांचे दोन गोल अंबाडेही तेच, आणि भित्रेपणाही तोच.

या भित्रेपणासाठीच मी ही मालिका शेवटपर्यंत पाहिली. पहिल्याच भागात चौदा वर्षांच्या उसागीला इंग्रजीत तीस गुण मिळतात, म्हणजे आपल्या हिशेबाने ती नापासच. लूना ही बोलणारी काळी मांजर तिला जगाचे रक्षण करायला सांगते, आणि राक्षसीण समोर येताच ही नायिका जमिनीवर बसून भोकाड पसरते. तिच्या रडण्याच्या ध्वनिलहरी इतक्या तीव्र होतात की राक्षसिणीचे हस्तकच कान धरून कोसळतात. चारच दिवसांपूर्वी दसरा झाला. नऊ दिवस मी ज्या महिषासुरमर्दिनीपुढे हात जोडले, तिच्या डोळ्यांत मी कधी पाणी पाहिलेले नाही, आणि ते असावे असे मला वाटलेही नव्हते. मला लहानपणी ‘मुलींसारखी रडू नकोस’ असे सांगितले जाई, तेही मुलगी असूनच. म्हणून त्या प्रसंगाला मी हसले, पण भाचीपेक्षा थोडी उशिरा.

आजच्या भागांत बर्फाळ उत्तर ध्रुवावर लढताना चारही मैत्रिणी एकामागून एक मृत्यू पावल्या, आणि अखेर उसागीनेही आपले सारे सामर्थ्य पणाला लावून प्राण दिले. जातकातला ससा मला तिथे आठवला. पण तिने शेवटी मागितले ते साधे होते: पुन्हा पूर्वीसारखे सामान्य आयुष्य मिळावे. ते मिळते, सगळ्या जिवंत होतात, त्यांच्यातल्या कुणालाच काही आठवत नाही, आणि उसागीला शाळेत जायला पुन्हा उशीर होतो.

भाचीने डोळे पुसले आणि आम्ही दुधाचे पेले घेऊन गच्चीवर गेलो. ढगांच्या फटीतून चंद्र थोडा वेळ दिसला. सशाचे कान नेमके कोणत्या बाजूला, यावर आमचे एकमत झाले नाही.