अनमोड घाट रात्री? मुळीच नको

"रात्री घाट मोकळा असतो रे, जेवायला फोंड्याला पोचशील." बेळगावहून गोव्यात उतरणाऱ्या अनमोड घाटाबद्दल तिथल्या मामेभावाचं ऐकलं आणि फसलो. रात्री घाटात ट्रक असतात आणि ट्रकांच्या अधेमधे जनावरं.

खानापूर, रामनगर सोडून द्या. अनमोडच्या नाक्यापासून खाली मोलेपर्यंतचे दहा-बारा किलोमीटर, एवढाच खरा प्रवास. दोन्ही बाजूंना भगवान महावीर अभयारण्य.

नऊ वाजून गेले होते. पुढचा ट्रक कशावरून तरी हलकेच उडाला. मला वाटलं पोतं असेल. जागा बघून गाडी बाजूला घेतली, टॉर्च मारला तर उदमांजर, आमच्याकडचा कांडेचोर. काळं तोंड, लांब काळी शेपटी. मिशांना उंबराच्या बिया चिकटलेल्या, अंग अजून गरम. हा प्राणी खरं तर झाडांवरचा. फांद्या रस्त्यावर एकमेकींना भिडत नाहीत तिथे त्याला खाली उतरावंच लागतं, आणि डोळ्यांवर झोत पडला की तो जागीच थिजतो.

त्यानंतर मी तीसच्या वर गेलो नाही, म्हणून वाचलो. दोन वळणांनंतर समोर चार पांढरे मोजे चालत होते. फक्त मोजे! गवा काळा, डांबर काळं, दिसतात ते गुडघ्याखालचे पांढरे पाय. करकचून ब्रेक मारला, पुढचं चाक गटारात, टायर फाटला. स्टेपनीत हवा नव्हती, ती चूक माझीच. पण गाडी ओढून नेणाऱ्या टोइंगवाल्याने मोलेपर्यंतचे साडेपाच हजार घेतले! "रात्रीचा रेट" म्हणे. फोनवरच भाव ठरवा, मग बोलवा.

आता ऐका. बेळगावहून दुपारी दोनच्या आत निघा, उजेडात घाट उतरा. उशीर झालाच तर रामनगरला मुक्काम करा, खोली कशीही असो. स्टेपनी तपासा. गवा दिसला की थांबा, लाइट डिपरवर घ्या, हॉर्न नको, त्याला जाऊ द्या. एक गेला म्हणून लगेच निघू नका, मागे कळप असतो. दिवसा माकडांना केळी-चिप्स टाकणाऱ्यांना तर मी गाडीतून उतरून झापलं. त्या खाण्यापायीच ती रस्त्यावर बसतात आणि चाकाखाली येतात. मेलेलं जनावर उचलू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते सरकारी मालमत्ता ठरतं.

दुसऱ्या दिवशी तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर पाहिलं. छान आहे.

कांडेचोराचं मोलेच्या वनखात्याच्या नाक्यावर सांगितलं. तिथल्या माणसाने वही काढली आणि विचारलं, "कुठल्या किलोमीटरच्या दगडाजवळ?" मी बघितलाच नव्हता. तुम्ही बघून ठेवा.